सोनकी ओळखावी पाठीकडून

गौरी-गणपतीच्या सुमारास माथेरान, ढाक, कोथळीगडाचे माथे पिवळे होतात आणि आपण दिसेल त्या पिवळ्याला सोनकी म्हणून मोकळे होतो. रंगावर जाऊ नका. फूल उलटं करून पाहा.

दहापट मोठं दाखवणारं भिंग, पट्टी, टाचणी आणि वही पुरे. दिवस मात्र पाऊस ओसरल्यावरचा निवडा. जुलै 2023 मध्ये खालापूरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. भर पावसात या उतारांवर फुलांसाठी जाऊ नये, हे कळकळीचं सांगणं.

आधी जागा लिहा: कातळ, गवताळ उतार की रस्त्याची कड. मग पानं पाहा. सोनकीची पानं खोडावर एकाआड एक येतात, कडा दातेरी. पानं समोरासमोर जोडीनं असतील तर ती सोनकी नव्हे. एकदांडी आणि पिवळा कॉसमॉस, दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले, इथेच बाद होतात. कवळा तर वाटाण्याच्या कुळातला, त्याची पानं संयुक्त.

सोनकी सूर्यफुलाच्या कुळातली. म्हणजे आपण ज्याला फूल म्हणतो तो पुष्पकांचा, इवल्या फुलांचा, गुच्छ, म्हणजेच स्तबक. कडेची पुष्पकं चपटी, मधली नळीदार. कडेची मोजा, आणि एकाच झाडावर विसंबू नका.

आता स्तबक उलटं करा. हिरवी छदं, म्हणजे स्तबकाला पाठीकडून वेढणारी पानासारखी अंगं, एकाच ओळीत, सारख्या उंचीची, एकमेकांना लागून उभी असतील, तर प्रजाती सेनेसिओ. अगदी तळाशी इवलीशी छदं दिसली तर ती या ओळीत धरू नका. छदं कौलांसारखी थरांवर थर असतील, तर ती बहुधा सोनकडी.

जात ठरवणं याहून अवघड, तिथे घाई नको. पानाची खालची बाजू लोकरी आहे का? पानाला देठ आहे की ते खोडाला बिलगलंय? पिकलेलं स्तबक टाचणीनं उकला: कडेच्या आणि मधल्या फळांवर पांढरे केस सारखेच आहेत का? ही टिपणं कुकच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथाशी (1901–08) ताडा. जुन्या पुस्तकांत आपली नेहमीची सोनकी ‘सेनेसिओ ग्रॅहॅमाय’ म्हणून सापडेल. आज ती सेनेसिओ बॉम्बेएन्सिस. जुन्या नावातले ग्रॅहॅम म्हणजे मुंबई परिसरातल्या वनस्पतींची सूची करणारे जॉन ग्रॅहॅम; ते 1839 साली खोपोलीच्या वरच्या अंगाला, खंडाळ्यातच वारले.

झाड उपटू नका. माथेरान 2003 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथे फोटोच काढावेत. पूर्ण झाड, पानाच्या दोन्ही बाजू, स्तबक समोरून आणि पाठीमागून. पाठीमागचा फोटो नसेल तर मुंबईच्या ब्लॅटर वनस्पतिसंग्रहातला जाणकारही तुम्हाला खात्रीनं काही सांगू शकणार नाही. एवढं करूनही जात ठरली नाही, तर वहीत ‘सेनेसिओ, जात अनिश्चित’ असं लिहून ठिकाण आणि तारीख घाला.