टायरच्या आतला रेडिओ : काही अनुभवाचे बोल

गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सचं काम करताना टायरमधल्या हवेच्या दाबाचे सेन्सर मी उघडून पाहिले, त्यांचे संदेश ऐकले, आणि समृद्धी महामार्गावर त्यांच्या भरवशावर गाडीही चालवली. हा सेन्सर बोलतो कसा हे कळलं, की त्याच्या गप्प बसण्याचा अर्थही कळतो. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

१. आपल्या गाडीत कोणती पद्धत आहे ते आधी पाहा. काही गाड्यांच्या चाकात सेन्सर नसतोच. एबीएसकडे चारही चाकांचा वेग येत असतो. हवा उतरलेल्या चाकाचा घेर किंचित कमी होतो, ते बाकीच्यांपेक्षा जास्त फेरे घेतं आणि त्यावरून गाडी अंदाज बांधते. पण चारही टायरची हवा हळूहळू सारखीच उतरली, तर हा अंदाज सहज फसतो. डॅशबोर्डवर प्रत्येक टायरचा पीएसआय वेगळा दिसत असेल, तर बहुधा चाकात खरा सेन्सर आहे. पुढचं सगळं त्याच्याविषयी.

२. सेन्सर सांगत राहतो, पोच मागत नाही. फिरत्या चाकातून वायर बाहेर आणणं अवघड, म्हणून रेडिओ. व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला एक लहान डबी असते. तिच्यात सिलिकॉनचा पातळ पडदा दाबाने वाकतो, त्याचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून दाब मोजला जातो. सोबत तापमान मोजणारा भाग, एक लिथियम सेल आणि ट्रान्समीटर. संदेश अगदी छोटा असतो : सेन्सरचा स्वतःचा क्रमांक, दाब, तापमान, सेलची स्थिती आणि चूक ओळखण्यासाठी शेवटी काही तपासणीचे अंक. काही मिलिसेकंदांत सगळं सांगून होतं. चालत्या गाडीत साधारण मिनिटाला एकदा हे घडतं. दाब अचानक पडला, तर पुष्कळ सेन्सर पुढच्या पाळीची वाट न पाहता लगेच संदेश सोडतात.

मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती पुढची. चाक फिरताना डबी कधी धातूच्या रिमआड जाते, कधी ब्रेकच्या भागांमागे, आणि संदेश वाटेत हरवतो. गाडीकडून पोच येत नाही, त्यामुळे तो पोचला की नाही हे सेन्सरला कळायला मार्ग नाही. म्हणून तो तेच वाक्य थोड्या थोड्या अंतराने पुन्हा पुन्हा म्हणतो. चाकाच्या कुठल्या तरी स्थितीत ते ऐकू जातंच.

भारतात आणि युरोपात हे बोलणं ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतं, अमेरिकेत पुष्कळशा गाड्यांत ३१५ वर. तिकडून येणाऱ्या नातेवाइकांकडून सेन्सर मागवण्याआधी हे जरूर तपासा. ३१५ चा सेन्सर ठणठणीत असला, तरी ४३३ च्या गाडीला तो ऐकूच येत नाही.

३. उभ्या गाडीतला आकडा शिळा असू शकतो. सेल वाचवण्यासाठी सेन्सर झोपतो. चाक फिरल्याचं आतल्या त्वरणमापकाला जाणवलं की जागा होतो. रात्री खिळा लागून हवा उतरली असेल, तरी सकाळी पडद्यावर कालचा आकडा किंवा नुसत्या रेघा दिसू शकतात. निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारून टायर डोळ्यांनी पाहायला पर्याय नाही.

४. दिवा लुकलुकतो की स्थिर आहे, हे बघा. गाडी चालू केल्यावर डॅशबोर्डवरचा टायरच्या दाबाचा पिवळा दिवा स्थिर राहिला, तर हवा कमी. मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर बहुतेक गाड्यांत बिघाड यंत्रणेत असतो : सेल संपलेला किंवा सेन्सर ओळखला न गेलेला. दुसऱ्या प्रकारात हवा भरून काही उपयोग नाही.

५. तापलेल्या टायरची हवा काढू नका. तापमान दहा अंशांनी वाढलं, की दाब साधारण दीड पीएसआयने चढतो. मे महिन्यात विदर्भातून ताशी ११०-१२० ने येताना ३३ चे ३८ झाले, तर त्यात बिघाड काही नाही. ती हवा काढली, तर दुसऱ्या दिवशी थंड टायर कमी दाबाने धावतो, जास्त दबतो आणि त्यामुळेच जास्त तापतो. टायर फुटण्याचं हे एक मोठं कारण आहे. दाराच्या चौकटीवर लिहिलेला आकडा थंड टायरचा असतो.

६. दिव्याची वाट पाहू नका. फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांवरच्या फायरस्टोन टायरांच्या अपघातांनंतर अमेरिकेत २००० साली कायदा झाला आणि पुढे तिथल्या नव्या मोटारींत ही यंत्रणा सक्तीची झाली. तिथल्या नियमानुसार दाब ठरलेल्यापेक्षा २५ टक्क्यांनी घसरेपर्यंत इशारा न देण्याची मुभा आहे. म्हणजे ३३ चा टायर जेमतेम पावणेपंचवीसवर आल्यावर दिवा लागला तरी नियम पाळला गेला! माझ्या मते एवढ्या कमी हवेवर महामार्गावर जाऊच नये.

७. टायर उतरवण्याआधी पंक्चरवाल्याला सांगा, 'आत सेन्सर आहे.' मशीनचा दांडा व्हॉल्व्हजवळ घातला, तर डबी तिथेच तुटते. सेल पाच ते दहा वर्षं टिकतो, पण तो आत सीलबंद असल्यामुळे सहसा अख्खा सेन्सर बदलावा लागतो आणि त्याचा क्रमांक गाडीला नव्याने शिकवावा लागतो. टायर बदलताना सेन्सर सात-आठ वर्षांचा झाला असेल, तर तेव्हाच बदललेला बरा.

८. बाहेरून लावायचे टोपणवाले सेन्सर स्वस्त आहेत, उपयोगीही आहेत. पण ताशी १२० च्या वेगाला चाकातल्या वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे दोनशे पट ओढ बसते. दहा ग्रॅमचं टोपण व्हॉल्व्हला दोन किलोसारखं खेचतं. जुन्या रबरी व्हॉल्व्हवर ते लावू नका. धातूचा व्हॉल्व्ह बसवून घ्या.

९. हे संदेश कुलूपबंद नसतात. २०१० मध्ये रटगर्स आणि साउथ कॅरोलायना विद्यापीठांच्या संशोधकांनी चालत्या गाडीचे संदेश ४० मीटरवरून टिपून दाखवले, खोटे संदेश पाठवून दिवाही लावून दाखवला. सेन्सरचा क्रमांक बदलत नाही, म्हणून त्यावरून गाडीचा माग काढता येऊ शकतो. सामान्य चालकाने घाबरावं असं यात नाही. पण निर्मात्यांनी हे संदेश सुरक्षित करायलाच हवेत. दिवा खोटाही असू शकतो, म्हणून सुनसान रस्त्यावर तो लागला, तर शक्य असेल तिथवर वेग कमी ठेवून वर्दळीच्या ठिकाणी थांबा.

शेवटची एक विनंती. स्टेपनीत सहसा सेन्सर नसतो. साधा हातातला गेज विकत घ्या, आणि महिन्यातून एकदा, सकाळी गाडी हलवण्याआधी, स्टेपनीसकट पाचही टायर तपासा.