गाठोड्यातील अनावश्यक भार

दिल्लीला लागून असलेल्या गुरुग्राम आणि नोएडा या शहरांत संकेतस्थळे घडविणाऱ्या अनेक कंपन्यांची कार्यालये आहेत. तेथील अभियंत्याच्या मेजावर वेगवान संगणक असतो आणि इंटरनेटची जोडणीही उत्तम असते. त्याने रचलेले पान मात्र कोठेतरी एसटीच्या थांब्यावर, स्वस्त मोबाइलवर उघडले जाते. गुरुग्रामच्या मेकमायट्रिप या प्रवास-कंपनीने २०१७ च्या सुमारास मोबाइलवरील आपले संकेतस्थळ नव्याने बांधले, तेव्हा पान उघडण्याच्या वेगात सुमारे ३८ टक्के सुधारणा झाल्याचे प्रसिद्ध झाले होते. अशा यशामागे अनेक लहानमोठे उपाय असतात. सर्वसाधारणपणे अशा कामी जे उपाय योजले जातात, त्यांपैकी वरकरणी क्षुल्लक भासणाऱ्या एकाच उपायाचा आपण येथे विचार करू.

आजचे संकेतस्थळ म्हणजे केवळ मजकूर आणि चित्रे नव्हेत. त्यासोबत जावास्क्रिप्ट भाषेत लिहिलेली आज्ञावली येते. ती अनेक फाइलींत, म्हणजे मॉड्यूलांत, विभागलेली असते आणि पाठविण्यापूर्वी त्या सर्वांचे एक गाठोडे बांधले जाते. त्यालाच ‘बंडल’ म्हणतात. या गाठोड्याचे मोल दोनदा मोजावे लागते. प्रथम ते उतरवून घेण्यात वेळ आणि डेटा खर्च होतो, आणि नंतर ते वाचून, समजून घेऊन चालविण्यात मोबाइलची शक्ती खर्ची पडते. चित्राचा एक किलोबाइट आणि आज्ञावलीचा एक किलोबाइट सारखेच जड नसतात. दुसरा अधिक महाग पडतो.

आता गाठोडे फुगते कसे? कोणताही अभियंता सर्व काही स्वतः लिहीत नाही. इतरांनी तयार केलेल्या संग्रहांतून, म्हणजे लायब्ररींतून, तो हवे ते मागवितो. ‘लोडॅश’ ही अशीच एक प्रसिद्ध लायब्ररी आहे. तिच्यातील एकच छोटे कार्य हवे असते, म्हणून अभियंता एक ओळ लिहितो: लोडॅशमधून अमुक कार्य आयात करा. ओळ निर्दोष असते. परंतु लोडॅशचे प्रमुख दार म्हणजे एकच मोठी फाइल असून सर्व कार्ये तीत एकाच वस्तूला जोडलेली आहेत. त्यामुळे एका पुस्तकासाठी सारे कपाट उचलून आणावे, तशी सुमारे ७० किलोबाइटची संपूर्ण लायब्ररी गाठोड्यात येते.

उपाय उघड आहे. लोडॅशमधील प्रत्येक कार्य स्वतंत्र फाइलीतही ठेवलेले आहे. प्रमुख दाराऐवजी त्या फाइलीचा पूर्ण पत्ता लिहिला की तेवढेच कार्य आणि त्याला लागणारे साहित्य येते. पण शेकडो फाइलींतून असे लांब पत्ते हाताने लिहिणे कंटाळवाणे असते, आणि एखादा सहकारी विसरला की सारा लाभ जातो. म्हणून हे काम बांधणीच्या वेळी यंत्रावर सोपविले जाते. ‘बेबेल’सारखे साधन आज्ञावली वाचून तिचे पृथक्करण करते. शाळेत आपण वाक्यपृथक्करण करीत असू, उद्देश्य वेगळे, विधेय वेगळे, तसेच हे असते. आयातीची वाक्ये हुडकून त्यांतील प्रत्येक नावासाठी पूर्ण पत्त्याचे नवे वाक्य रचले जाते. अभियंत्याची मूळ ओळ जशीच्या तशी राहते. बदल होतो तो पाठविल्या जाणाऱ्या प्रतीत.

हे रूपांतर विश्वासावर चालते. नाव आणि फाइल यांची जोडी ठराविक नियमाने जुळते, असे त्यात गृहीत धरलेले असते. लायब्ररीच्या कर्त्यांनी पुढील आवृत्तीत मांडणी बदलली की बांधणी कोलमडते. दुसरा धोका अधिक छुपा आहे. आपण सुट्या फाइली मागविल्या आणि आपण वापरीत असलेल्या दुसऱ्या एखाद्या लायब्ररीने संपूर्ण लोडॅश मागविले, तर दोन्ही प्रती गाठोड्यात येतात आणि भार घटण्याऐवजी वाढतो. गाठोडे उघडून मोजल्याखेरीज हे कळत नाही.

या साऱ्याचे मूळ भाषेच्या इतिहासात आहे. जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये निर्माण झाली, तेव्हा तिच्यात मॉड्यूलांची सोयच नव्हती. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत फाइलीचे नाव आज्ञावली चालू असतानाही ठरविता येत असे, म्हणून काय लागेल हे बांधणाऱ्याला आधी सांगता येत नसे. २०१५ च्या प्रमाणित आवृत्तीत आयातीचे वाक्य स्थिर झाले. नाव आणि पत्ता लिहितानाच निश्चित असल्यामुळे न वापरलेले भाग ओळखता येऊ लागले. त्याच वर्षी आलेल्या ‘रोलअप’ या साधनाने झाड हलवून वाळकी पाने पाडण्याची उपमा लोकप्रिय केली. ‘वेबपॅक’नेही २०१७ मध्ये तो मार्ग धरला. तरी पत्त्यांचे रूपांतर निरुपयोगी झाले नाही. चिन्हांच्या काही संग्रहांत प्रवेशाच्या एकाच फाइलीतून हजारो नावे पुढे पाठविलेली असतात आणि ती सर्व वाचण्यातच बांधणीचा वेळ जातो. म्हणून ‘नेक्स्ट जेएस’ने २०२३ मध्ये हे काम आपणहून करण्याची सोय दिली.

छाटणीत काय गमवावे लागू शकते, हे मराठी वाचकाला ‘मोमेंट’ या दिनांक-वेळेच्या लायब्ररीवरून चांगले समजेल. तीत शंभराहून अधिक भाषांच्या फाइली आहेत आणि मराठीचीही आहे. अलीकडील आवृत्तीत दिवसाचे पहाटे, सकाळी, दुपारी, सायंकाळी आणि रात्री असे भाग केलेले आहेत. इंग्रजीतील दोन भागांवर मराठीचे भागत नाही. ‘एक तास’ हे शब्द ‘पूर्वी’ला जोडताना ‘एका तासापूर्वी’ होतात. हे सामान्यरूप साधण्यासाठी तीत वेगळी व्यवस्था आहे. कोणी आपल्या व्याकरणाची एवढी बूज राखावी, याचे कौतुक वाटते.

परंतु मोमेंट भाषेच्या फाइलीचे नाव आयत्या वेळी जोडून मागविते. कोणती भाषा लागेल हे न कळल्याने वेबपॅक सर्वच भाषा बांधून घेई आणि भार दोनशे किलोबाइटच्या वर जाई. त्यावर सर्रास सुचविला जाणारा उपाय म्हणजे भाषांचा विभागच वगळणे. मग मराठी मागितली तरी पडद्यावर चूक दिसत नाही; तारीख मुकाट्याने इंग्रजीत उमटते. खरा उपाय असा की मराठीची फाइल स्वतंत्र ओळीने, पूर्ण पत्त्यानिशी मागवावी. या ओळीत कोणतेही नाव घेतलेले नसते. फाइल वाचली जाताच ती स्वतःची नोंद करते, एवढेच तिचे काम. नाव वापरलेले नाही म्हणून अशी फाइल निरुपयोगी आहे, असे छाटणाऱ्या साधनाला सांगितले गेले, तर तीही गळून पडेल.

मोमेंटच्या कर्त्यांनी सप्टेंबर २०२० मध्ये तीत नवी भर घालणे थांबवीत असल्याचे जाहीर केले. दिलेल्या कारणांत तिचा आकारही होता. आता बहुतेक आधुनिक ब्राउझरांत भाषांची माहिती मुळातच असते आणि मराठी महिने व देवनागरी अंक तेथूनच मागविता येतात. त्यांसाठी गाठोड्यात काहीच बांधावे लागत नाही.