स्टेरॉइडची कांडी भिंगात अडकली

प्रश्न : आईला मधुमेह. पडद्याच्या सुजेसाठी डोळ्यात स्टेरॉइडची कांडी सोडली, ती भिंगात गेली म्हणतात. आता काय? – एक वाचक, मुरबाड

उत्तर : क्वचित घडतं, पण जगभर नोंदलेलं आहे. ०.७ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनची ही कांडी भिंगामागच्या जेलीत सोडायची असते. सुईची दिशा चुकली किंवा रुग्ण हलला की ती भिंगात शिरते. मोतीबिंदू वाढतो, डोळ्यातला दाबही चढू शकतो. नजर बरी आणि दाब ताब्यात असेल, तर काही डॉक्टर थांबतात, कारण औषध तिथूनही झिरपतं. मोतीबिंदू काढायची वेळ आली, तर शिबिरात अजिबात नको! भिंगाची मागची पिशवी फाटलेली असू शकते. पडद्याचे सर्जन हाताशी असतील तिथेच करा. शहापूर-मुरबाडकरांना त्यासाठी कल्याण-ठाणे किंवा मुंबई गाठावी लागेल. तोवर दाब नियमित तपासा. डोळा लाल होऊन दुखला किंवा नजर घटली, तर त्याच दिवशी निघा.