गोदामाचे दार आणि उंदरांची वाट

धान्य, डाळी, मसाले, खजूर, मैदा यांचा व्यापार करणाऱ्या आपल्या बांधवांचे भांडवल गल्ल्यात कमी आणि गोदामातल्या पोत्यांत जास्त असते. गोदामाला कुलूप असते, कधी कधी दोन असतात. परंतु शटर आणि जमीन यांच्यामध्ये राहिलेल्या फटीकडे कुणाचे लक्ष जात नाही. मग औषधाच्या गोळ्या टाका, पिंजरे लावा, असे सुरू होते. आमच्या मते हा खर्च उलट्या टोकाने केलेला आहे. आतले दहा उंदीर मेले तरी वाट उघडी असेल तर बाहेरचे येतच राहणार.

लहान उंदराला आत शिरायला सुमारे ६ मिलिमीटरची फट पुरते, मोठ्याला १२ मिलिमीटरची. शाळेतली साधी पेन्सिल सुमारे ७ मिलिमीटर जाड असते. ती दाराखालून आत सरकली, तर उंदीरही सरकेल. भर दुपारी आतले दिवे मालवून दार लावून घ्यावे आणि जिथून जिथून उजेड दिसेल तिथे खडूने खूण करावी. खालच्या फटीबरोबरच शटरच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या आणि वरची गुंडाळीची पेटीही पाहावी. उंदीर चढण्यात पटाईत असतो, हे आपण विसरतो.

फटीत गोणपाट कोंबणे हा उपाय नव्हे. ते उंदराला घरट्यासाठी आयतेच मिळते. नुसती रबराची पट्टीही तो कुरतडतो. लाकडी दाराच्या तळाला बाहेरून सुमारे एक फूट उंचीचा जाड पत्रा ठोकावा, चौकटीलाही तसाच. शटरच्या तळाला, आत तारेची जाळी असलेली रबरी पट्टी किंवा दाट ताठ ब्रश बसवता येतो. पण जमीनच खडबडीत असेल तर पट्टी बसून उपयोग नाही. हातगाड्यांच्या चाकांनी उंबरठ्याजवळचा कोबा नेमका मधोमध झिजतो, दोन्ही टोकांना शटर टेकते आणि मध्ये खळगा राहतो. तिथे आधी गवंडी लावून कोबा सपाट करून घ्यावा. हे काम एका दिवसाचे आहे, आणि कुरतडलेल्या दोन पोत्यांच्या किमतीपुढे त्याचा खर्च पाहावा.

दार लागलेले असताना ही काळजी. उघडे असताना काय? माल उतरवताना शटर तासन्‌तास वर राहते, तेव्हा कबुतरे आणि माश्या बिनदिक्कत येतात. उंदीर व किडे यांची खरी वेळ संध्याकाळची. म्हणून शक्यतो मगरिबच्या आत ट्रक रिकामा करून दार ओढून घ्यावे. रमजानच्या आधी माल एकदम येतो तेव्हा हे जमत नाही, हे आम्ही जाणतो. अशा वेळी प्लास्टिकच्या जाड पट्ट्यांचा पडदा उपयोगी पडतो. पट्ट्या एकमेकींवर चढलेल्या आणि जमिनीला टेकलेल्या असाव्यात. हमाल सोयीसाठी त्या वर बांधून ठेवतात, तेवढे पाहावे. दाराच्या अगदी डोक्यावर पांढरा झगझगीत दिवा नको, तो किड्यांना बोलावतो. पिवळा दिवा लावावा, किंवा दिवा दूर खांबावर लावून उजेड दाराकडे वळवावा. माश्या पकडायचे निळे यंत्रही बाहेरून दिसेल असे टांगू नये.

दाराबाहेर जुनी पोती, फळ्या, कचऱ्याचा डबा साठू देऊ नये. घूस अशाच आडोशाला बीळ करते आणि पायाखालून आत येते.

सोंडकिडे मात्र बहुधा जुन्या बारदानातून आणि मालाबरोबरच येतात. त्यांना दार अडवू शकत नाही. तिथे पोते उघडून पाहणे हाच उपाय.

१८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईत प्लेग ओळखला तो मांडवीत, गोदीलगतच्या धान्याच्या वखारींच्या वस्तीत. उंदराच्या मुतापासून होणारा लेप्टो आजही माणसे मारतो. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांतही भोके, गटारे आणि शिरकावाच्या अशा जागा बंद ठेवण्याची अट आहे. तपासनीस आला की कुठे पाहील, ते आपण त्याआधी पेन्सिल घेऊन पाहून ठेवावे. दर पावसाळ्याआधी एकदा, आणि मोठा माल भरण्याच्या आदल्या दिवशी एकदा.