यंत्रालाही ‘का?’ विचारता आलं पाहिजे

निकाल जवळ आला की खारेपाटणातल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते: मुलाला ‘एआय’ला घालावं का, आणि त्यासाठी पुण्या-मुंबईला पाठवावं लागेल का? पालकांनो, फी भरण्याआधी या विषयाची एक जुनी शाखा समजून घ्या. जाहिरातींत ती दिसत नाही. ती म्हणजे तर्काच्या नियमांवर चालणारी कृत्रिम बुद्धिमत्ता.

हापूसचा मोहोर काळा पडला, असं समजा. फोटो बघून एखादं अ‍ॅप ‘करपा’ एवढंच सांगून मोकळं होईल. तर्कावर चालणारा प्रोग्रॅम आधी विचारेल, ‘पानं हाताला चिकट लागतात का?’ बागायतदाराने ‘हे कशाला विचारतोस?’ म्हटलं, तर त्याच्याकडे उत्तर असेल: तुडतुडे रस शोषून चिकट द्रव टाकतात, त्यावर काळी बुरशी वाढते, पानं चिकट असतील तर आधी तुडतुडे शोधा. चिकटपणा नाही, हवा ढगाळ-दमट होती आणि मोहोरावर काळे ठिपके आहेत, तर करप्याची शक्यता जास्त. हे कारण बागायतदार स्वतः झाडाखाली जाऊन तपासू शकतो. नियम चुकला असेल तर नेमका कुठे, हेही दाखवू शकतो. फवारणीचा खर्च त्याच्या खिशातून जातो, म्हणून कारण ऐकण्याचा हक्क त्याचाच आहे.

ही कल्पना पन्नास वर्षांची आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७०च्या दशकात एडवर्ड शॉर्टलिफ यांनी ‘मायसिन’ तयार केलं. रक्तातला जंतुसंसर्ग ओळखून औषध सुचवणाऱ्या या प्रणालीत सुमारे ६०० नियम होते. डॉक्टरने ‘का?’ विचारलं की ती आपला नियम दाखवायची. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मेंदूज्वराच्या रुग्णांसाठी तिने सुचवलेले उपचार तज्ज्ञ डॉक्टरांच्या तोडीचे ठरले. तरी रुग्णालयाच्या रोजच्या कामात ती आली नाही. आपल्याकडे १९८६च्या सुमारास केंद्र सरकारने ज्ञानाधारित संगणक प्रणालींचा मोठा प्रकल्प हाती घेतला. मुंबईत जुहूच्या एनसीएसटी संस्थेने त्यातून ‘विद्वान’ नावाचं, तज्ज्ञांचे नियम भरून वापरण्याचं सॉफ्टवेअर घडवलं. ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली.

या पद्धतीची अडचणही मुलांना सांगायला हवी. तज्ज्ञाकडून एकेक नियम काढून घेणं फार कष्टाचं काम आहे, आणि फोटो ओळखण्यात ती कमी पडते. म्हणून आता उदाहरणांवरून शिकलेल्या यंत्राने फोटो पाहायचा आणि निष्कर्ष तर्काने तपासायचा, अशी जोडी लावण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. अशा कामाला दोन्ही बाजू जाणणारी माणसं लागतील.

‘तर्कतज्ज्ञ पाहिजे’ अशी जाहिरात तुम्हाला क्वचितच दिसेल, हे खरं. पण सॉफ्टवेअर आणि चिपमधले दोष शोधणं, वाहनांचं व यंत्रांचं निदान, वैद्यकीय सॉफ्टवेअर ही कामं याच पायावर उभी आहेत. पुण्याच्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये प्रोग्रॅम तर्काने तपासण्याचं संशोधन अनेक वर्षं झालं आहे.

सुरुवात घरूनच होते. महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीच्या गणितात पहिलाच धडा तर्कशास्त्राचा आहे. गुण सोपे म्हणून मुलं तो पाठ करतात आणि विसरतात. तो समजून करा. कला शाखेत तर्कशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे, त्याला कमी लेखू नका. पुढे कणकवलीत अभियांत्रिकीला जा किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठात. झाडांचे रोग खोलवर जाणणारी मुलगीही या क्षेत्रात तितकीच मोलाची आहे. आयआयटी मद्रासमध्ये शिकवलेल्या प्रा. दीपक खेमानी यांची या विषयावरची व्याख्यानं एनपीटीईएल या संकेतस्थळावर मोफत आहेत. तर्काची भाषा प्रोलॉग शिकण्यासाठी लागणारं ‘एसडब्ल्यूआय-प्रोलॉग’ही फुकट मिळतं.

तेव्हा काही महिन्यांच्या महागड्या कोर्सचे पैसे सध्या बाजूला ठेवा. या सुट्टीत मुलाला एखाद्या जाणत्या बागायतदाराकडे पाठवा, आंब्याचे वीस नियम वहीत लिहून आणायला सांगा आणि ते प्रोलॉगमध्ये बसवायला लावा. त्यात तो रमला, तर खुशाल या वाटेने जाऊ द्या.