बारमाही चातुर्मास नको

अगं, परवाच्या लग्नात तू ‘उपास आहे’ म्हणून पंगतीला बसली नाहीस. मी सहा वर्षं हीच थाप मारली, म्हणून लगेच ओळखली.

माझं कसं व्हायचं सांगू? ऑफिसला निघताना चप्पल पायात घातली, की पोटात मुरडा. जलद लोकल मी सोडूनच दिली होती. धीमी बरी, वाटेल तिथे उतरता येतं. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, तेव्हा एक डॉक्टर म्हणाले, ‘टेन्शन घेऊ नका.’ म्हणजे मी काय नाटक करत होते?

नाही गं, याला आयबीएस म्हणतात. आतड्याला जखम नसते, पण त्याच्या नसा फार हळव्या झालेल्या असतात. दुसऱ्याला जाणवणारही नाही एवढ्याशा वायूने आपल्याला कळ येते. कुणाला जुलाब, कुणाला बद्धकोष्ठ, कुणाला आलटून पालटून दोन्ही, पाळीत जास्तच. मेंदूचं आणि आतड्याचं सतत बोलणं चालू असतं, म्हणून ताण आला की बिघडतं. पण याचा कॅन्सर होत नाही, ही भीती आधी काढून टाक.

खाण्याचं म्हणशील तर मला कांदा, लसूण, राजमा बाधतात. आहारतज्ज्ञ बाईंनी ते चार आठवडे बंद करून मग एकेक परत खाऊन बघायला लावलं. आई म्हणाली, ‘बारा महिने चातुर्मास का?’ आता लसूण तेलात परतते आणि पाकळ्या काढून टाकते. त्यातली छळणारी साखर तेलात उतरतच नाही, स्वाद तेवढा उतरतो. कांद्याऐवजी पातीचा हिरवा भाग. रात्री इसबगोल. गव्हाच्या कोंड्याने मात्र माझं पोट जास्तच फुगलं. तुला वेगळंच काही बाधत असेल, म्हणून माझी यादी उतरवून घेऊ नकोस.

एक मात्र खरं सांग. शौचातून रक्त जातं का? वजन आपोआप उतरलंय? हिमोग्लोबिन कमी? रात्री झोपेतून उठून पळावं लागतं? यातलं एकही असेल तर ते आयबीएसच्या नावावर खपवायचं नाही, लगेच तपासून घ्यायचं.

मंगळवारी मला सुट्टी आहे. पोटाच्या डॉक्टरांकडे मी येते तुझ्याबरोबर. तोवर काय खाल्लं, कधी दुखलं, ते वहीत लिहून ठेव. आणि उपाशी राहू नकोस.