निवड आणि निवाडा

गोंदिया जिल्हा हा धानाचा प्रदेश. वैनगंगेच्या खोऱ्यात, तलावांच्या पाण्यावर येथे भाताचे पीक डोलते. येथील असंख्य भातगिरण्यांमुळे गोंदियाला तांदळाचे शहर म्हणतात. या भागातील घरांतून एक दृश्य पिढ्यानपिढ्या दिसत आले आहे. गृहिणी सूप घेऊन ओसरीवर बसते. सूप वरखाली होते आणि कोंडा वाऱ्यावर उडून जातो. मग तिची बोटे खडा बाजूला सारतात, कणी वेगळी करतात, काळा दाणा टिपतात. शेजारणीशी बोलणे चालूच असते. पण बोटे चुकत नाहीत. पाहून ओळखणे आणि ओळखून वेगळे करणे, याचेच नाव निवड.

हीच निवड आता गिरण्यांत यंत्रे करू लागली आहेत. तांदळाची धार यंत्रात वरून खाली घसरते. कॅमेरे दाण्यांचा रंग टिपतात. काळसर किंवा पिवळा दाणा दिसताच हवेचा बारीक झोत त्याला धारेबाहेर उडवितो. पापणी लवण्यापूर्वी निवड झालेली असते!

तांदूळ निवडणारे यंत्र रंगावरून दाणा ओळखते. परंतु तयार कपड्यांच्या गोदामात केवळ रंग पाहून भागत नाही. एकच सदरा पाच मापांत आणि चार रंगांत निघाला, की गोदामाच्या दृष्टीने त्या वीस निरनिराळ्या वस्तू झाल्या. असे शंभर नमुने असले, तर वस्तू झाल्या दोन हजार! घडी घातलेले ३४ आणि ३६ मापांचे सदरे शेजारी ठेवले, तर अनुभवी डोळाही फसेल. म्हणून प्रत्येक कपड्याला त्याची ओळख सांगणारी एक खूण चिकटवितात. काळ्या-पांढऱ्या रेघांची ही खूण म्हणजे बारकोड.

या खुणेची जन्मकथा मनोरंजक आहे. अमेरिकेतील नॉर्मन जोसेफ वुडलँड हे एकदा समुद्रकिनारी विचार करीत बसले होते. बालवीर असताना शिकलेली तारायंत्राची टिंबे आणि रेघा त्यांना आठवल्या. त्यांनी वाळूत बोटे रोवली आणि ती आपल्याकडे ओढली. वाळूत जाड-बारीक रेघा उमटल्या आणि त्यांतूनच कल्पना सुचली. वुडलँड व त्यांचे मित्र बर्नार्ड सिल्व्हर यांना १९५२ साली या शोधाचे एकस्व मिळाले. पण रेघा झटपट वाचणारी साधने तयार होण्यास पुढे बरीच वर्षे लागली. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील एका दुकानात च्युइंगगमच्या पाकिटावरील अशा रेघा यंत्राने वाचल्या. तेव्हापासून बारकोडचा व्यापारातील प्रवास सुरू झाला.

आता समजा, आमगावातील एका मुलीसाठी घरच्यांनी फ्रॉक मागविला. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. तीत तिला तो घालायचा आहे. मागणी गेली भिवंडीच्या एका गोदामात. भिवंडी हे मूळचे यंत्रमागांचे शहर. मुंबईचे सान्निध्य आणि महामार्गाची सोय यांमुळे तेथे गोदामांची मोठी वसाहत वाढली आहे.

गोदामातील कामगार एकट्या मुलीच्या फ्रॉकसाठी धावत जात नाही. तसे केले, तर त्याचा दिवस चालण्यातच संपेल. तो एका फेरीत अनेक ग्राहकांचे कपडे गोळा करून आणतो. फेऱ्या वाचतात, परंतु सगळ्यांचे कपडे एकत्र मिसळतात. ते पुन्हा वेगळे करणे, हेच निवडयंत्राचे काम. कपडे एकेक करून सरकत्या पट्ट्यावर ठेवतात. वाटेत एक कमान लागते. तेथे प्रकाशाच्या साहाय्याने बारकोड वाचला जातो. 'ही वस्तू कोणाची?' हे संगणक क्षणात शोधतो. मग ती वस्तू ज्या तबकात असेल, ते तबक नेमक्या जागी कलते आणि फ्रॉक घसरगुंडीवरून त्या मुलीच्या खणात पडतो. परदेशांतील काही गोदामांत तर कपडे छताखाली लटकणाऱ्या पिशव्यांतून फिरतात आणि ज्याची पाळी येईल, त्याची पिशवी खाली उतरते.

पुढे पुडके बांधले जाते आणि दुसरी निवड सुरू होते, ती गावाप्रमाणे. गोरेगाव हे मुंबईचे एक उपनगर आहे आणि गोंदिया जिल्ह्यातील एक तालुकाही आहे. नुसते 'गोरेगाव' लिहिलेले पुडके कोठे पाठवावे? अशाच अडचणींवर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतात पिनकोडची पद्धत सुरू झाली. ती योजना सिद्ध केली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. टपाल खात्यातील हे मराठी अधिकारी संस्कृतचे कवीही होते. पिनकोडच्या सहा अंकांपैकी पहिला अंक देशाचा विभाग सांगतो. पहिले तीन मिळून टपालाच्या निवडीचा जिल्हा ठरवितात. शेवटचे तीन टपाल कार्यालय दाखवितात. गोंदियाचा पिनकोड ४४१६०१, आमगावचा ४४१९०२ आणि देवरीचा ४४१९०१. शेवटच्या २ च्या जागी १ पडला, की आमगावचा फ्रॉक देवरीला निघालाच! मंडई उलटून गेल्यावर तो आमगावात आला, तर त्या मुलीला त्याचा काय उपयोग?

येथेच या यंत्राची मर्यादा ध्यानात येते. यंत्र कापड पाहत नाही, ते खूण पाहते. लहान मापाच्या फ्रॉकला मोठ्या मापाची चिठ्ठी चिकटली असेल, तर यंत्र ती चूक अत्यंत वेगाने आणि अत्यंत बिनचूकपणे पुढे पाठवील! ग्राहकाने परत केलेला कपडा आला, की ही मर्यादा अधिकच जाणवते. त्यावर डाग आहे काय? बटण सैल झाले आहे काय? तो एकदा वापरून धुतलेला तर नाही? यासाठी माणूस बसवावा लागतो. तो कपडा उजेडात धरतो, शिवणीवरून बोट फिरवितो आणि मग ठरवितो.

यंत्राने श्रम वाचतात, हे खरे. परंतु ज्या हातांचे श्रम वाचले, त्यांतील काही हातांची रोजीही जाते, हेही तितकेच खरे. दिवसभर वाकून दाणे निवडणाऱ्या बाईची पाठ यंत्राने मोकळी केली. पण तिच्या चुलीचे काय, हा प्रश्न यंत्र सोडवीत नाही. तो समाजाने सोडवावयाचा असतो. तिला नवे काम शिकविणे आणि तिच्या अनुभवी नजरेला योग्य जागा देणे, हे माणसांचेच कर्तव्य आहे.

'निवड' आणि 'निवाडा' हे दोन शब्द भावंडांसारखे दिसतात. खूण पाहून वेगळे करणे ही निवड. बरेवाईट पारखून ठरविणे हा निवाडा. निवड यंत्राकडे खुशाल सोपवावी. निवाडा मात्र माणसाने आपल्याच हाती ठेवावा.

स्वाध्याय

१. तयार कपड्यांच्या गोदामात बारकोडची आवश्यकता का भासते?
२. गोदामातील कामगार अनेक ग्राहकांचे कपडे एकाच फेरीत का आणतो? त्यामुळे कोणते नवे काम निर्माण होते?
३. आपल्या गावाचा पिनकोड लिहा व त्याच्या शेजारच्या गावाच्या पिनकोडशी तुलना करा.
४. 'निवड' व 'निवाडा' या शब्दांतील भेद स्वतःच्या अनुभवातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.